गाडी जालन्याला थांबली आहे

नागपूर,
९ जानेवारी २०००

शर्मिला,

सप्रेम जयभीम. तुझ्या नावाच्या आधी काय लिहावं ते मला समजेना. आजवर चि. सौ. लिहीत आले. आता सौ. लिहायला हात धजत नाही आणि श्रीमती लिहायला जीव होत नाही. म्हणून नुसती शर्मिला. तू माझी सून होतीस आणि आहेस, ते काही नावाच्या आधी लिहून दाखवायला लागत नाही.

फोन करत नाही म्हणून राग मानू नकोस. मागल्या वेळी काय झालं? तिकडे तू रडून राहिली, इकडे मी रडून राहिले, आणि पीसीओवाला काचेतून माझ्याकडे पाहत बसला. एक वाक्य धड झालं नाही. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं. जन्मभर बालवाडीत अक्षरं गिरवून घेतली, तेवढा तरी उपयोग.

दीपची लाल मारुती त्याने लावली तशीच अंगणात उभी आहे. दिल्लीहून एवढी दामटवत आणली, आल्या आल्या वांग्याची भाजी मागून खाल्ली, झोपला. पुढे पुण्याला तुमच्याकडे निघायचं म्हणून सकाळी बॉनेट उघडून पाणी पाहत होता, तो पाहता पाहता खाली बसला आणि उठलाच नाही. डॉक्टर म्हणे हार्ट. चौतिसाव्या वर्षी माझ्या धम्मदीपला हार्ट! हे सगळं तुला ठाऊक आहे, तरी पुन्हा लिहून राहिली. लिहिल्याशिवाय मला ते खरं वाटत नाही, आणि लिहिल्यावरही वाटत नाही.

तुझे आबा रोज सकाळी गाडी पुसतात. मागच्या सीटवर तुमच्या दिल्लीच्या घरचं सामान आहे तसंच आहे: गादीची वळकटी, कुकर, कॉम्प्युटरचा खोका. कोणाला हात लावू देत नाहीत. शेजारचे हिंमतराव सहज विचारून गेले, गाडी विकता का. त्यांना असं काही बोलले की बिचारे आता वळसा घालून दुकानात जातात.

एक मनातलं विचारते. दीपच्या जलदानविधीला तू आलीस, पण पूर्वाला आणलं नाहीस. पुण्यातच तुझ्या आईकडे ठेवून आलीस. सहा वर्षांची पोरगी, बापाच्या फोटोपुढे एक फूल ठेवलं असतं तिने. भन्तेजींनी विचारलं, मुलगी कुठे आहे? मी म्हटलं, ताप आहे. भन्तेजींपुढे खोटं बोलायची वेळ आणलीस माझ्यावर. का नाही आणलंस ते एकदा सांग. मी रागावणार नाही. रागावले तरी पत्रात किती रागावणार?

आणि गाडीचं काय करायचं, तेही कळव.

आई


हडपसर, पुणे,
१६ जानेवारी २०००

आदरणीय आईंना,

सविनय जयभीम. पत्र मिळालं.

पूर्वाची शाळा नुकतीच सुरू झाली होती. दिल्लीतून मधेच काढून इथे घातलेली मुलगी, लगेच सुट्टी घेतली तर बाई नाराज होतात. म्हणून आणलं नाही. आता तिला खोकला आहे. बाकी ठीक.

गाडी तिथेच विका. हिंमतरावांना द्या, नाहीतर कोणालाही द्या. सामानातलं तुम्हाला लागेल ते ठेवा, उरलेलं वाटून टाका. इथे गाडी लावायला जागा नाही. बिल्डिंगच्या गेटवर पाटी आहे, ‘येथे वाहन लावल्यास चाकातील हवा सोडण्यात येईल. कारणे ऐकली जाणार नाहीत.’ तेव्हा आपलं कारण कितीही मोठं असलं तरी प्रश्नच मिटला.

मी नारायण पेठेत एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. हडपसरहून पीएमटीने जाते. विद्यार्थी हुशार आहेत, माउस नीट धरता यायच्या आधीच सगळे अमेरिकेला निघालेले आहेत. दीपला इथे ज्या कंपनीत लागायचं होतं तिची बस रोज सकाळी आमच्या स्टॉपवरून जाते. मी त्या वेळी दुसरीकडे बघते.

मी त्याला सांगितलं होतं, कॉम्प्युटरचं वायटूकेचं काम संपत आलंय, दिल्लीचं गुंडाळ, मी पूर्वाला घेऊन पुढे जाते आणि घर लावते. तू ट्रेनने ये, गाडी ट्रकवर चढवून पाठव. तर म्हणाला, “एसटी ड्रायव्हरचा मुलगा गाडी ट्रकवर चढवून आणणार? आबा माझं तोंड बघणार नाहीत.” हे मी आबांना दोष म्हणून लिहीत नाही. पण लिहिलं खरं.

गाडी इथे येऊ नये एवढीच विनंती आहे.

आपली,
शर्मिला


नागपूर,
२३ जानेवारी २०००

शर्मिला,

जयभीम. तुझं पत्र आबांना वाचून दाखवलं ही माझी चूक झाली. त्या दिवशी जेवले नाहीत.

“विका, वाटून टाका.” किती सोपं लिहिलंस गं! त्याचे चष्मे आहेत, शर्ट आहेत, पाण्याची बाटली आहे, तेही वाटू का? तुम्ही पुण्याची माणसं दोन ओळींत समोरच्याला गार करता, हे ऐकून होते. आपल्या माणसालाही करता हे आता समजलं. तुला त्याला विसरायचं असेल तर विसर बाई, तरुण आहेस, कोण अडवतं? पण आमच्याच्याने होणार नाही, आणि आम्हाला तसं सांगूही नकोस.

तर आता ऐक. गाडी विकायची नाही. तुझे आबा ती स्वतः घेऊन येऊन राहिले पुण्याला. मी खूप भांडले. म्हटलं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, वय काय, थंडी काय. म्हणाले, “मी काय रातराणी बस नेऊन राहिलो का? दिवसाउजेडी चालवीन, दिवस बुडाला की थांबीन. नागपूर-पुणे रोड मला माझ्या तळहातासारखा पाठ आहे. पोराने दिल्लीपासून इथवर आणली, उरला तो रस्ता मी पुरा करतो. सुनेच्या दारात गाडी उभी केली की मी मोकळा.” असं म्हणून तोंड फिरवून उभे राहिले. मग मी काय बोलणार?

मी सोबत येत नाही. त्या गाडीत मला बसवत नाही. दार उघडलं की दीपच्या केसांच्या तेलाचा वास येतो. तुझे आबा त्या वासासाठीच दार उघडून बसतात, आणि मी त्याच वासाने घरात पळते. एकाच पोराचे मायबाप, पण पहा.

त्यांना एक खूळ सुचलं आहे. वाटेतल्या मुक्कामांहून पूर्वाला कार्डं टाकणार. ठसठशीत अक्षरात, तिचं तिला वाचता येईल असं. पोस्टातून कार्डांचा गठ्ठा आणून ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांना कशात तरी रस घेताना पाहिलं, म्हणून मी हो म्हटलं. तू आता नाही म्हणू नकोस.

महिना बदलला की निघतील. खोकल्याला ज्येष्ठमधाची काडी चघळायला दे तिला.

आई


हडपसर,
२९ जानेवारी २०००

आई,

आबांना थांबवा. हे पत्र हातात पडेल त्या क्षणी थांबवा.

पूर्वाला माहीत नाही.

तिचे पप्पा गेले हे तिला माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. म्हणून तिला नागपूरला आणलं नाही. खोकला नाही, शाळेचं कारण नाही, काही नाही.

तुमचा निरोप आला तेव्हा ती समोर फरशीवर बसून चित्र काढत होती. मला तर जायलाच हवं होतं. मी म्हटलं, “पप्पांची गाडी नागपूरला बिघडली, मी बघून येते.” दुसरं काही तोंडात आलंच नाही. परत आले तर दारातच, “गाडी झाली दुरुस्त?” मी म्हटलं, “होतेय.” बस, आई, तेवढंच. एक “होतेय” म्हटलं आणि त्यात अडकले. आज नको, उद्या सांगू. उद्या तिची शाळेत कविता आहे, परवा सांगू. असं करत करत इथवर आले. माझ्या आईलाही शपथ घातली. बिल्डिंगमध्ये आम्ही नवे, कोणाला काही ठाऊक नाही. खोटं टिकायला जेवढं लागतं तेवढं सगळं जमून आलं.

तिने भिंतीवर भारताचा नकाशा लावून घेतलाय. माझ्या पाकिटातली एक टिकली काढून नागपूरवर चिकटवली. म्हणाली, “तू आता लावत नाहीस ना, मग मी घेते.” का लावत नाही, ते विचारलं नाही. शाळेतून आली की गॅलरीत स्टूल टाकून बसते. तिथून सोलापूर रोड दिसतो. लाल गाडी दिसली की उभी राहून ओरडते, गाडी निघून गेली की खाली बसते. पुण्यात इतक्या लाल गाड्या आहेत हे मला आधी माहीत नव्हतं.

आता तुम्हीच सांगा. ती गाडी खरोखरच दारात आली, आणि तिच्यातून आबा एकटे उतरले, तर काय होईल त्या पोरीचं? म्हणून मी ‘विका’ लिहिलं होतं. त्याला विसरायला नाही. तुम्ही ‘विसर’ लिहिलंत ते मी रोज एकदा वाचते, आणि तो माझा हक्काचा मार आहे असं समजून पाकिटात घालते.

मला हव्या तेवढ्या शिव्या द्या. आबांना मात्र अडवा. ती कार्डंही नकोत.

शर्मिला


नागपूर,
४ फेब्रुवारी २०००

शर्मिला,

तुझं पत्र काल दुपारी आलं. आबा परवा सकाळीच निघाले.

पत्र वाचून आधी तुझा असा संताप आला की समोर असतीस तर थोबाडीत दिली असती. पोरीशी असं खोटं! ज्या पोरीने बापासाठी रडायला पाहिजे तिला गॅलरीत बसवून वाट पाहायला लावलीस? मी पत्र चुरगाळून फेकलं. मग उचललं, मांडीवर सपाट केलं, पुन्हा वाचलं.

आणि मग, तुला सांगते, मला तुझा हेवा वाटला. इथे माझा दीप त्या सकाळीच मेला. तुझ्या घरात तो अजून रस्त्यावर आहे, येऊन राहिला आहे, गाडी तेवढी बिघडली आहे. माझ्या घरापेक्षा तुझ्या घरात तो जास्त जगला. सासू सुनेचा असा हेवा करते, कधी ऐकलंस का? ‘विसर’ लिहिलं ते मी परत घेते. फाडून टाक ते पत्र. सासूचं वाकडं बोलणं जपून ठेवायची ही कोणती रीत?

आणि टिकली का काढलीस? मी काढ म्हटलं? आबांनी म्हटलं? आपल्यात कोणी म्हणेल का तुला? लाव मुकाट्याने.

पण बाई, आता पुरे. आबांना गाठायला काही रस्ता नाही. अमरावती, मेहकर, जालना, औरंगाबाद, नगर, असे जुन्या ड्रायव्हर-कंडक्टरांकडे उतरत जातील. जालन्याला धोंडिबा म्हणून त्यांच्या गाडीवरचा कंडक्टर होता, डेपोजवळ राहतो, एवढंच मला ठाऊक आहे. फोन कोणाच्याच घरी नाही. आबांना तुझं काही माहीत नाही. ते मोठ्या हौसेने कार्डं टाकत असतील.

तेव्हा सांगायचं ते तूच सांग. गाडी यायच्या आधी सांग. तुझ्या तोंडून सांग. आबांवर टाकू नकोस. पोराला खांदा दिलेला म्हातारा आहे तो. त्या लेकराने त्यांना विचारलं आणि त्यांना सांगावं लागलं, तर ते परत उभे राहणार नाहीत. एवढं माझ्यासाठी कर.

आई


(पोस्टकार्ड)
मेहकर, ३ फेब्रुवारी

चि. पूर्वा,
गाडी निघाली. मेहकरला आली. गाडी झकास पळते. तुमचे सामान नीट आहे. लवकर भेटू.
तुझा आबा


(पोस्टकार्ड)
जालना, ५ फेब्रुवारी

चि. पूर्वा,
गाडी जालन्याला थांबली आहे. क्लच प्लेट गेली. नवीन औरंगाबादहून येईल. काळजी करू नको. मी गाडीजवळच आहे.
तुझा आबा


हडपसर,
१० फेब्रुवारी २०००

आदरणीय आईंना,

सविनय जयभीम. तुमचं पत्र आणि आबांची दोन्ही कार्डं एकाच दिवशी आली. मी क्लासहून यायच्या आत पोस्टमन कार्डं पूर्वाच्या हातात देऊन गेला होता. तिने एकेक अक्षर लावत दोन्ही वाचून काढली होती. मी जिना चढतेय तोवर वरून ओरडली, “मम्मी, पप्पांबरोबर आबा पण येतायत!”

टिकली नागपूरवरून उचलून जालन्यावर लावली आहे. जालना नकाशात नव्हतं, मलाच बोट ठेवून दाखवावं लागलं. मग म्हणाली, “गाडी परत बिघडली. तू म्हणाली होतीस ना, तसंच झालं.” माझं खोटं आबांनी पोस्टाचा शिक्का मारून खरं करून पाठवलं, आई. यावर हसावं की काय करावं?

जालना डेपोला फोन लावला. एक गृहस्थ म्हणाले, “धोंडिबा रिटायर झाले. आपण कोण?” मी म्हटलं, सून. “त्यांची?” “नाही, त्यांच्या ड्रायव्हरची.” फोन खाली ठेवला गेला. त्यांचंही बरोबर आहे.

काल सांगायचंच असं ठरवून क्लासला सुट्टी टाकली. तुम्ही म्हणालात म्हणून टिकलीही लावली. तिचे केस विंचरले, दोन वेण्या घातल्या, मांडीवर घेतलं. मनात वाक्य पाठ केलेलं होतं. म्हटलं, “पूर्वा, तुला पप्पांबद्दल एक सांगायचंय.”

ती म्हणाली, “मला माहीत आहे.”

एक क्षण सुटल्यासारखं वाटलं, ते तुमच्यापासून लपवत नाही. वाटलं, कळलं हिला कुठून तरी, माझ्यावरची वेळ टळली.

“ते माझ्यासाठी बाहुलीचं घर आणतायत. सांगू नको. सरप्राइज आहे ना?” असं म्हणून तिने माझ्या तोंडावर हात ठेवला. तिच्या हाताला पेन्सिलचा वास येत होता. मी त्या हाताखाली पुढचं बोलूच शकले नाही. नंतर तिला शिरा करून दिला. शिरा कशाबद्दल, तेही तिने विचारलं नाही.

आई, मला धाक द्या, शपथ घाला, काहीतरी करा. माझ्याच्याने होत नाहीये. रोज सकाळी वाटतं, ती क्लच प्लेट औरंगाबादहून आणखी दोन दिवस येऊ नये.

शर्मिला


हडपसर,
१४ फेब्रुवारी २०००

आई,

गाडी आली. काल दुपारी.

आबा सुखरूप आहेत, आधी तेवढं वाचून घ्या. नगर रोडने आले ते सवयीने सरळ शिवाजीनगर स्टँडात शिरले आणि गाडी फलाटाला लावली. कंट्रोलरने शिट्टी मारून हाकललं तेव्हा भानावर आले. मग विचारत विचारत हडपसरला पोचले. तोपर्यंत आम्ही जेवून उठलो होतो. रविवार, म्हणून पूर्वा गॅलरीतच होती.

ती ओरडली नाही. इतके दिवस प्रत्येक लाल गाडीला ओरडायची. या वेळी नुसती वळून माझ्याकडे पाहिलं आणि अनवाणी जिना उतरत सुटली. मी मागे धावले. मी सांगितलं नव्हतं, आई. कालपर्यंत वेळ होता आणि मी सांगितलं नव्हतं.

मी खाली पोचले तेव्हा आबा गाडीतून उतरून कंबर सरळ करत होते. “काय पूर्वाबाई, मिळाली का कार्डं?” म्हणाले आणि हात पुढे केले. ती त्या हातांखालून गेली. पुढची सीट बघितली. मागची बघितली, गादीच्या वळकटीमागे हात घालून चाचपलं. मग गाडीला एक पूर्ण फेरी मारली. मग येऊन आबांसमोर उभी राहिली.

“आबा, पप्पा कुठे उतरले?”

आबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं तोंड बघूनच त्यांना सगळं समजलं असावं. मला वाटलं, आता रस्त्यातच मला फाडून खातील. तसं झालं नाही. त्यांनी पूर्वाकडे पाहिलं. “नागपूरला,” म्हणाले. गाडीच्या टपावर हात टेकवून उभे राहिले.

तुम्ही एकच गोष्ट मागितली होतीत. मी तिथेच रस्त्यावर खाली बसले, तिच्याएवढी झाले, आणि म्हटलं, “पूर्वा, पप्पा मेले. नागपूरला. मी गेले होते ना, तेव्हा. गाडी बिघडली नव्हती. मी तुझ्याशी खोटं बोलले.”

पाठ केलेलं वाक्य असं नव्हतं. त्यात देवासारखा शांत आवाज होता, फुलं होती, चांदण्या होत्या. हे जे बाहेर आलं ते असं ओबडधोबड होतं.

तिने विचारलं, “मग गाडी कोणी चालवली?”

“आबांनी.”

“सगळी?”

“नागपूरपासून.”

“आणि दिल्लीपासून नागपूरपर्यंत?”

“पप्पांनी.”

तिने मान हलवली, जसा काही हिशोब बरोबर आला. आणि मग मला मारलं. दोन्ही हातांनी, तोंडावर, छातीवर, खांद्यावर. मी मारू दिलं. आबा “बेटा, बेटा” करत होते. गाडी गेटसमोरून काढायला सांगायला सोसायटीचे सेक्रेटरी खाली आले, समोर काय चाललंय ते बघितलं, आणि एक अक्षर न बोलता परत गेले. आमच्याकडे एवढं म्हणजे पुष्कळ झालं.

संध्याकाळी टेबलावर पांढरं कापड घालून दीपचा फोटो ठेवला. इतके दिवस तो कपाटात साड्यांखाली होता. आबांनी त्रिशरण, पंचशील म्हटलं. पूर्वाने मेणबत्ती लावली, फूल वाहिलं, आम्ही म्हणू तसं मागून म्हटलं. रडली नाही. अजून रडलेली नाही. नकाशासमोर बराच वेळ उभी होती, पण टिकलीला हात लावला नाही.

मग जेवायला बसलो. आबा घास नुसता कालवत होते. तिने त्यांना विचारलं, “आबा, आजीला माहीत आहे का?”

आबा म्हणाले, “काय बेटा?”

“पप्पा मेले ते.”

आम्ही दोघं तिच्याकडे बघत राहिलो. आम्ही गप्प बसलो त्याचा तिने तिच्या परीने अर्थ लावला. ताट बाजूला सारून मोठ्या माणसासारखी पुढे वाकली, आणि हळूच, दुसऱ्या खोलीत कोणी ऐकू नये अशा बेताने म्हणाली,

“तिला नका सांगू. ती तिकडे एकटी आहे ना. गाडी बिघडली म्हणून सांगा.”

आई, मी तिला काय शिकवून ठेवलंय ते माझ्यापुढे तेव्हा आलं. आबा उठून गॅलरीत गेले आणि तिथे मोठ्याने रडले. इतक्या दिवसांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी तिला म्हटलं, आजीला माहीत आहे. तिला ते पटलेलं नाही. माझ्यावर विश्वास ठेवायचं आता तिला काही कारणही नाही. म्हणते, “तू बघितलंस का तिला रडताना?” मी म्हटलं, बघितलं. म्हणते, “मग ती मला का नाही म्हणाली?”

याचं उत्तर तुम्हीच द्या.

शर्मिला


(पोस्टकार्ड, मोठ्या अक्षरात)
नागपूर, १९ फेब्रुवारी

चि. पूर्वा,

मला माहीत आहे. दीप माझ्या अंगणात मेला. मी तिथेच होते. मी खूप रडले. रोज रडते.

मला सांगू नका म्हणालीस, ते समजलं. पण आजीला जपणं हे तुझं काम नाही. तू रड. मम्मीला धरून रड, आबांना धरून रड. सगळं रडू संपवू नकोस. मी महाराष्ट्र एक्सप्रेसने येऊन राहिले, थोडं माझ्यासाठी ठेव.

तुझी आजी